तिथे आता दिवस की रात?

"बंद कर ते," केसरबाई म्हणाल्या. "आते दिन शे."

लॅपटॉप मी नुकताच उघडला होता. पडद्यावर एक अंधारं घर दिसत होतं, घरात एक दिवा होता, आणि त्या दिव्यावर बोट टेकवलं की गोष्ट सुरू होणार होती. केसरबाईंनी डोक्यावरचा पदर ओढला आणि उघड्या भांड्यावर फडकं टाकावं तसा तो पडद्यावर टाकला.

"आजी, दोनच मिनिटं," मी म्हणाले. "तुमचाच आवाज आहे. तुमच्या गोकुळनं..."

"माले माहीत शे कोना आवाज शे. बंद कर."

मी झाकण मिटलं. मे महिना सरत आला होता आणि पारोळ्याच्या अलीकडचं ते गाव उन्हात नुसतं भाजून निघत होतं. पहाटे नाशिकहून निघून, दोन एसट्या बदलून, फाट्यापासून रिक्षात कोंबून घेऊन मी तिथे पोचले होते. एवढं करून समोरच्या म्हातारीनं ऐकायलाच नकार दिला तेव्हा, खरं सांगते, माझा पारा चढला होता. चेहऱ्यावर मात्र मी कॉलेजातल्या बाईंचं हसू आणून बसले.

"मॅडम, राहू द्या," रत्ना म्हणाली. रत्ना म्हणजे केसरबाईंची मुलगी, गोकुळची धाकटी बहीण. लग्न गावातच झालेलं, त्यामुळे दिवसभर आईकडे. "माय दिवसा नाही ऐकणार. पाणी घ्या तुम्ही."

"का नाही ऐकणार?"

रत्नानं आईकडे पाहिलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं ती आत निघून गेली.

आता मी कशासाठी तिथे कडमडले होते, ते सांगायला हवं. डिजिटल साहित्य म्हणजे पुस्तकाचे फोटो काढून इंटरनेटवर टाकणं, अशी आमच्या प्राचार्यांची समजूत होती, आणि त्याआधी वर्षभर माझीही काही वेगळी नव्हती. पण जगात अशी माणसं आहेत जी कविता लिहितात ती वाचकानं कळ दाबली तरच पुढे सरकते, कादंबरी लिहितात ती नकाशावर बोट फिरवत वाचावी लागते. कागदावर ही कामं छापताच येत नाहीत. यंत्रं जुनी होतात, प्रोग्रॅम बंद पडतात, आणि ती मरून जातात. अशी कामं अनेक भाषांतून गोळा करायची, नव्या यंत्रांवर चालतील अशी डागडुजी करायची आणि सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी खुली ठेवायची, असा घाट मारित नावाच्या एका बाईनं घातला होता. ती नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या एका गावात राहायची. मराठी आणि तिच्या आसपासच्या बोलींची बाजू तिनं माझ्यावर सोपवली होती.

आणि माझं पान काही केल्या भरेना. एका कवीनं पाठवलेली कविता उघडली की पडद्यावर नुसत्या पाकळ्या पडत राहायच्या, शब्द येतच नसत. दुसऱ्यानं आपलं काम कुठे ठेवलंय हेच आठवत नाही म्हणून कळवलं. बाकीच्या भाषांची पानं भरत चालली आणि दर बैठकीत मी तोंड लपवायला लागले. तेव्हा कुणीतरी मला गोकुळ बोरसेच्या 'गोट'चा दुवा पाठवला. अहिराणीत गोट म्हणजे गोष्ट.

मी ते एकदा उघडलं आणि जेवायचं विसरले. दिव्यावर बोट ठेवलं की एका बाईचा आवाज यायचा. ती अहिराणीत गोष्ट सांगायला लागायची, आणि एका वाक्यावर थांबायची. तुम्ही कळ दाबून 'हं' म्हटलंत की पुढचं वाक्य. नाही म्हटलंत तर ती विचारायची, "निजना का रे?" आणि तरीही गप्प राहिलात तर दिवा हळूहळू मंद होऊन विझायचा. बस, एवढंच. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा असतो हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. पण निवड समितीतली माणसं वेडी झाली. हुंकारावर तासभर बोलली.

शेवटच्या गोष्टीवर तर ती आणखीच बोलली. ती गोष्ट बाकीच्यांहून वेगळी होती. तिच्यात वाचकाला काहीच करावं लागायचं नाही. एक पुरुषी आवाज मागून आपणच 'हं, मंग?' म्हणत राहायचा, आणि गोष्ट ऐन मध्यावर तुटायची. मारितनं प्रस्तावनेत लिहिलं होतं की लेखकानं इथे वाचकाला बाहेर काढलं आहे, आता यंत्र स्वतःच ऐकू लागलं आहे, आणि अपुरेपण हाच या कृतीचा शेवट आहे. मला ते फार पटलं होतं.

प्रश्न होता संमतीचा. हे काम उभं करणारा गोकुळ अपघातात गेला होता. नाशिकला तो एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा, लग्न झालेलं नव्हतं. त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्रानं त्याच्यामागे ते इंटरनेटवर लावलं होतं. घरच्यांना ते दाखवायला काही त्याची छाती झाली नाही. तेव्हा आता होकार द्यायचा तो गोकुळच्या आईनं. आवाजही तिचा, मुलगाही तिचा. तिनं नाही म्हटलं तर 'गोट' संग्रहात जाणार नव्हतं, आणि त्याचं जुनं ठिकाणही येत्या काही दिवसांत बंद पडणार होतं. मग ते कुठेच उरलं नसतं.

हे सगळं मी केसरबाईंना समजावून सांगितलं. चांगलं घोळवून सांगितलं. त्या भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकत होत्या. उंच, हाडापेरानं मोठी बाई, हातावर गोंदण, आणि आवाज, तोच. लॅपटॉपमधला आवाज समोर बसून कूलरकडे बघतोय हे मला सारखं चमत्कारिक वाटत होतं.

"म्हंजे मनी गोट बाहेरदेशमा लावशी," त्या म्हणाल्या.

"सगळ्या जगात ऐकतील, आजी. खाली भाषांतरं असतील."

"तठे आते काय शे? दिन का रात?"

"कुठे?"

"जठे तू लावशी तठे."

मी घड्याळात पाहिलं. "नॉर्वेत सकाळ असेल. पण सगळीकडे एकच वेळ नसते. कुठे दिवस, कुठे रात्र."

"तेच तर," केसरबाई म्हणाल्या. "कोठे ना कोठे दिनच राही. नही पाहिजे. लावू नको."

मला काही कळेना. रत्ना पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"तुले भाऊ शे का?" केसरबाईंनी एकदम विचारलं.

"आहे. श्रीधर. सांगलीला असतो."

"अन पोरं?"

"एक मुलगा आहे मला."

"मंग तुना भाऊ मामा शे." त्यांनी पाय जवळ घेतले. "दिनमा गोट सांगतस नही, बाई. मामा वाट चुकस."

मी हसले. हसायलाच आलं मला. आमची आजीसुद्धा हेच म्हणायची, दुपारी तिचा डोळा लागायच्या वेळेला आम्ही गोष्टीसाठी मागे लागलो की. दिवसा गोष्ट सांगितली तर तुमचा मामा रस्ता चुकेल, पळा. आम्ही पळायचो, आणि ती झोपायची. मी ते तसंच केसरबाईंना सांगितलं.

कुणी हसलं नाही. रत्नानं तांब्या खाली ठेवला.

"गोकुळ मामा व्हता," केसरबाई म्हणाल्या. "रत्नानी आंडेरना मामा." आंडेर म्हणजे लेक.

त्यांनी सांगितलं ते सरळ, आवाज न चढवता सांगितलं. मधेमधे रत्ना मराठीत भर घालत होती, म्हणून मला सगळं समजलं.

गोकुळ आखाजीला आला होता. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. गोकुळनं त्या वर्षी सोबत एक लॅपटॉप आणि माईक आणला होता. माय, तुझ्या सगळ्या गोष्टी भरून नेतो, म्हणाला. आता गोष्टी म्हणजे रात्रीचं काम. पण तो काळ लोडशेडिंगचा. अंधार पडला की लाईट जायची ती पार मध्यरात्रीच परत यायची, आणि त्याच्या त्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कामातून गेलेली. वायर लावल्याशिवाय तो चालायचाच नाही.

"मी म्हनू, दिनमा नको रे भाऊ. तो हासे. म्हने, माय, मना मामा ते कव्हयना वारी गया, आते कोन चुकाव शे?" केसरबाईंनी पदरानं गळ्याचा घाम पुसला. "माले बी हासू उनं. मी सांगी. रोज सांगी. तो सोता मामा शे हे मना ध्यानमाच नही उनं."

गोकुळचा मामा कधीच वारला होता; पण आपल्या भाच्यांचा मामा आपण स्वतः असतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी गोष्ट सांगता सांगता त्यांच्या ते ध्यानात आलं. अंगणात रत्नाची मुलगी झोक्यावर बसून "गोकुळमामा, झोका दे," म्हणून ओरडत होती. तिथल्या तिथे त्या थांबल्या. उरलेली रात्री सांगते, म्हणाल्या. गोकुळनं फार आग्रह केला, पण त्या हलल्या नाहीत. आणि संध्याकाळी कंपनीतून फोन आला, सकाळी कामावर हजर हो म्हणून. दिवेलागणीच्या आधीच तो मोटरसायकलवर निघून गेला.

"रस्ता रुंद करायचं काम चाललेलं," रत्ना म्हणाली. "बाजूनं कच्चा रस्ता काढून दिला होता. पाटी होती म्हणतात, पण अंधारात दादाला दिसली नाही. तो बंद रस्त्यावर गेला. पुढे पूल तोडून ठेवलेला होता."

"वाट चुकना तो," केसरबाई म्हणाल्या.

यावर काय बोलायचं असतं? मी सुशिक्षित बाई, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी. अपघात पाटीमुळे झाला, गोष्टीमुळे नाही, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते बोलायची मला लाज वाटली. केसरबाईंनी त्यानंतर कधी गोष्ट सांगितली नव्हती. नातीला नाही, शेजारपाजारच्या पोरांना नाही. आणि मी त्यांचा आवाज अशा ठिकाणी लावायला निघाले होते जिथे तो दिवसाढवळ्या, दर घटकेला, कुणाच्या ना कुणाच्या मामाच्या नावानं वाजत राहणार होता.

"तू शिकेल बाई शे," केसरबाई म्हणाल्या. "तुले हे खोटं वाटत असी. वाटू दे. पन मी कोना मामाले मारनार नही आते."

त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "त्यामा त्याना आवाज शे का?"

"कुणाचा? गोकुळचा?"

त्यांनी मान हलवली.

समितीनं ज्याला यंत्राचं ऐकणं म्हटलं होतं, प्रस्तावनेत ज्याच्यावर एवढं लिहून झालं होतं, तो 'हं' कुणाचा, हे मला त्या क्षणी कळलं. बाकीच्या गोष्टींतून गोकुळनं आपले हुंकार कापून काढले होते, वाचकाला जागा व्हावी म्हणून. शेवटची गोष्ट कापायला तो राहिलाच नव्हता. फुटक्या लॅपटॉपमधून मित्रानं ती काढली आणि होती तशी जोडून दिली.

"आहे," मी म्हणाले. "शेवटच्या गोष्टीत आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

रत्ना पुढे सरकली. "मॅडम, आमच्याकडे दादाचा आवाज कुठेच नाही. फोनमध्ये पण नाही."

मी लॅपटॉपकडे हात नेला. केसरबाईंचा हात माझ्या आधी त्याच्यावर येऊन पडला.

"दिन बुडू दे," त्या म्हणाल्या.

मी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली आहेत, मीही त्यांतलीच एक. पण मुलाचा आवाज हाताखाली आहे आणि उन्हं उतरायची आहेत म्हणून आई तो दाबून धरून बसली आहे, हे मला बघवेना. फोन करून येते म्हणून मी बाहेर पडले. फोनला रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर मिळते असं रत्नानं सांगितलं होतं.

पहिला फोन मी श्रीधरला केला. का केला, विचारू नका.

"कुठं आहेस?"

"ऑफिसात. का गं? काय झालं?"

"काही नाही. गाडी हळू चालव."

"अगं, मी खुर्चीवर बसलोय."

"तरी हळू चालव," असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. मग मारितला लावला.

मारित तशी भली बाई, पण कामाच्या बाबतीत धारेवर धरणारी. मी सगळं सांगितलं. यंत्र स्वतः ऐकतंय वगैरे काही नाही, तो मुलगा आहे, हेही सांगितलं.

"प्रस्तावना बदलावी लागेल," ती म्हणाली.

"प्रस्तावनेचं मरू दे. माझं विचारणं वेगळं आहे. हे काम वाचकाच्या गावी सूर्य मावळल्यावरच उघडेल, असं करता येईल का?"

"करता सगळं येतं. पण उज्ज्वला, आपला पहिलाच नियम काय आहे? सगळी कामं, सगळ्यांना, सर्व काळ खुली. लोक दिवसा उघडतील आणि म्हणतील, हे चालतच नाही. समितीला काय सांगू? आजीबाईंची श्रद्धा आहे म्हणून?"

"हो."

"आणि माझं काय? आमच्याकडे आता सूर्य मावळतच नाही. जुलै संपेपर्यंत नाही. मीच हे काम उघडू शकणार नाही. मी, संपादक!"

मी ओट्यावर उन्हाचे चटके सोसत उभी होते. तिथूनच मी विचारलं. "तुमच्याकडे गोष्टी कधी सांगतात गं?"

"म्हणजे?"

"तुझी आजी सांगायची ना तुला? कधी सांगायची?"

"हिवाळ्यात," ती म्हणाली. "उन्हाळ्यात कधीच नाही. उन्हाळ्यात गवत कापायचं असायचं. मी मागे लागायचे, आणि ती म्हणायची, अंधार येऊ दे."

"मग?"

"मग काही नाही. मी समितीशी बोलते. भांडते. पण शब्द देत नाही."

तेवढंच घेऊन मी परतले. केसरबाई त्याच जागी, त्याच बैठकीत, लॅपटॉपवर हात ठेवून बसल्या होत्या. मारितच्या गावी सध्या सूर्य बुडतच नाही, हे मी त्यांना सांगितलं.

"मंग तठला लोके गोट कव्हय सांगतस?"

"हिवाळ्यात. तेव्हा तिकडे दिवसच नसतो."

"थांबा म्हना त्यास्ले मंग," केसरबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

माझी परतीची शेवटची एसटी गेली. रत्नानं भाकऱ्या टाकल्या. उन्हं भिंतीवरून चढत चढत कौलांवर गेली, गुरं घरी आली, कुणीतरी समोरच्या अंगणात पाणी शिंपडलं. केसरबाई मधूनच दाराकडे बघायच्या आणि परत मान खाली घालायच्या. मी दिवसभरात एकदाही देवाचं नाव घेतलं नव्हतं, पण लाईट जाऊ नये म्हणून मात्र घेतलं.

रत्नानं देवाजवळ दिवा लावला. केसरबाई स्वतः उठून अंगणात जाऊन आभाळ बघून आल्या.

"लाव," त्या म्हणाल्या.

नाशिकहून लॅपटॉपमध्ये उतरवून आणलेली शेवटची गोष्ट मी लावली.

"एक व्हती बहीन, एक व्हता भाऊ," पडद्यातल्या केसरबाई म्हणाल्या. आवाज जरा तरुण होता.

"हं," गोकुळ म्हणाला.

समोरच्या केसरबाईंनी डोळे मिटले. रत्नानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

गोष्टीतला भाऊ आखाजीसाठी बहिणीला माहेरी न्यायला निघाला होता. बहिणीनं दार सारवलं होतं, तिची पोरं उंबऱ्यावर बसून वाट बघत होती, मामा कधी येणार म्हणून. हं, गोकुळ म्हणत होता. मंग? मागे कुठेतरी झोक्याची कडी कुरकुरत होती. हा आवाज मी कितीदा तरी ऐकला होता आणि त्यावर टिपणंही लिहिली होती; शेवटी येणारं मायलेकाचं बोलणंही आम्ही लेखकानं रचलेलंच धरलं होतं. भाऊ रानात शिरला. रान दाट झालं. जिथे वाट फुटते तिथे तो पोचला. एक वाट डावीकडे, एक उजवीकडे. भाऊ उभा राहिला. लांबून एक लहान मुलगी काहीतरी ओरडली, आणि गोष्ट थांबली.

"आते बस. उरेल गोट रातले सांगसू."

"सांग ना माय. मंग?"

"नही रे भाऊ. दिन शे."

"बरं," गोकुळ हसून म्हणाला. "रातले."

खट्ट आवाज झाला आणि पडद्यावरचा दिवा तसाच तेवत राहिला.

रत्ना हुंदके देत होती. केसरबाई रडल्या नाहीत. त्या त्या दिव्याकडे बघत बसल्या होत्या. मी झाकण मिटायला हात पुढे केला तसा त्यांनी मला थांबवलं.

"रात पडनी ना?" त्यांनी विचारलं.

"पडली, आजी."

त्या मांडी घालून नीट बसल्या, पदर सारखा केला, आणि लॅपटॉपकडे तोंड करून बोलायला लागल्या.

"मंग तो भाऊ तठेच उभा राह्यना. सगळं रान अंधारं व्हई गयं."

त्या थांबल्या. कुणीच काही बोललं नाही. रत्नाच्या तोंडून शब्द फुटण्यासारखा नव्हता. केसरबाई वाट बघत होत्या, आणि माझ्या ध्यानात यायला वेळ लागला की हुंकाराशिवाय त्या पुढे जाणार नाहीत.

"हं," मी म्हणाले.

"मंग त्याले दूर एक दिवा दिसना. बहीननी दारमा ठेवेल दिवा."

"हं."

"भाऊ त्या दिवाकडे पाहीपाही चालना. काटा मोडना, पन चालना. नदी आडवी उनी, पन चालना."

माझा हात खिशातल्या फोनकडे गेला होता. हे भरून घ्यायला हवं, असं माझ्यातल्या संपादकाला वाटत होतं. मी तो हात परत मांडीवर ठेवला. "हं," मी म्हणाले, आणि रत्नाही म्हणाली, कसंबसं, "मंग?"

"मंग काय. पहाट व्हयनी अन पोरंस्नी आरोळी ठोकी. मामा उना! मामा उना!"

मामा आला, एवढं बोलून केसरबाई उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि आम्हाला पानं वाढायला बसल्या. जेवताना मी विचारलं, अगदी हळू विचारलं, की ही उरलेली गोष्ट भरून घेऊ का.

"नही," त्या म्हणाल्या. "ज्याले सांगानी व्हती त्याले सांगी दिधी. ती आधली लाव. पन रातलेच."

सकाळी रत्ना मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? गोष्ट अशी नाहीये."

"म्हणजे?"

"लहानपणी माय ही गोष्ट आम्हाला कितीदा तरी सांगायची. त्यात भाऊ उजवीकडे जातो अन चुकतो. पोचतच नाही. बहीण वाट बघून बघून पाखरू होते अन आखाजीच्या दिवसांत 'भाऊ उना का, भाऊ उना का' करत फिरते. दादा दर वेळी रडायचा. त्याला सगळी पाठ होती." तिनं डोळे पुसले. "दिवा-बिवा काही नव्हता त्यात, मॅडम."

एसटी आली आणि मी चढले. खिडकीतून मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण गाडी सुटली.

मारित भांडली. दोनदा हरली आणि तिसऱ्यांदा जिंकली. 'गोट' त्या संग्रहात आहे, अहिराणीच्या नावाखाली, आणि तुमच्या गावी सूर्य मावळल्याशिवाय ते उघडत नाही. दिवसा गेलात तर अंधारं घर दिसतं आणि खाली एक ओळ: रात्री या. यंत्र बिघडलंय अशा तक्रारी अजून येतात. केसरबाई आता नाहीत. त्या गेल्या तो निरोप मारितला कळवला तेव्हा तिनं उलट विचारलं होतं, आता अट काढून टाकायची का, समिती विचारतेय. श्रीधर भाच्याच्या मुंजीसाठी त्याच दिवशी सांगलीहून निघाला होता. मी लिहिलं, नको.

दर वर्षी ऑगस्टच्या सुमाराला, तिकडे पहिल्यांदा सूर्य नीट बुडाला की मारितचा एका ओळीचा निरोप येतो. आज उघडलं. पुन्हा ऐकलं. आणि दर वर्षी तिचा तोच प्रश्न असतो, जो जगभरातले वाचकही मला विचारत असतात: वाट फुटते तिथे उभा राहिलेला तो भाऊ, त्याचं पुढे काय झालं?

मी रात्र होईपर्यंत थांबते. मग लिहिते, पोचला.